वर इचारावं लागंल

आमच्या कारखान्यात भोंगा नव्हता, गेट नव्हतं, साहेब नव्हता. होत्या शिलाईच्या मशिनी, त्यांच्यावर बसणाऱ्या सहा बाया आणि सातवी मी, मालकीण. मुकुंदवाडीतल्या आमच्या घराच्या खालच्या दोन खोल्यांमधली भिंत पाडली आणि त्या जागेला मी कारखाना म्हणायला लागले, एवढीच त्याची हकीकत. आणि अशा ह्या कारखान्यात एक माणूस असा होता, की मशिनीला तेल घालायचं असलं तरी गंभीर तोंड करून म्हणायचा, "वर इचारावं लागंल, मॅडम."

आता वर कोण? वर गच्ची. गच्चीवर पाण्याची काळी टाकी. आणि त्या दुष्काळी सालांत ती टाकीसुद्धा कोरडीठाक!

तरी रंगनाथराव वर जायचे. एकेक पायरी मोजूनमापून चढायचे, गच्चीवर थोडा वेळ थांबायचे आणि तितक्याच सावकाश उतरून सांगायचे, "वरून आलंय. तेल घाला." शहनाजबी आमची सगळ्यांत जुनी कारागीर. तिनं पहिल्याच आठवड्यात मला कोपऱ्यात घेऊन विचारलं, "बाजी, ये आदमी टंकी से बातां करता क्या?"

मी म्हटलं, करू दे बाई. टाकी तरी कुणाचं ऐकतेय.

रंगनाथराव मूळचे करमाडकडचे. वडील मेंढरं राखायचे, आजा मेंढरं राखायचा. महिन्याच्या महिन्याला पगार घरी आणणारा घराण्यातला पहिला माणूस म्हणजे हे. वाळूजच्या एका मोठ्या कंपनीत ते उमेदवारीत घुसले आणि सुपरवायझर होऊन बाहेर पडले. कंपनीनं स्वेच्छानिवृत्ती काढली तेव्हा ह्यांनी पहिल्या दिवशी अर्ज टाकला. का, ते कुणालाच कळलं नाही. विचारलं तर म्हणायचे, "वरून स्कीम आली." आणि विषय संपवायचे.

मला तेव्हा एक माणूस हवा होता. आम्ही कंपन्यांना कामगारांचे हातमोजे आणि ॲप्रन शिवून द्यायचो. कंपन्यांमध्ये जाऊन साहेबलोकांशी त्यांच्या भाषेत बोलणारं कुणीतरी पाहिजे होतं. आमचे हे एसटीत कंडक्टर, पैठणच्या गाडीवर. त्यांची भाषा "पुढं सरका, पुढं सरका" इथंच संपायची. कुणीतरी रंगनाथरावांना पाठवलं. मी मुलाखत घ्यायची म्हणून चांगली साडी नेसून बसले होते, तर त्यांनीच माझी घेतली.

"पर्सोनेल कोण बघतं, मॅडम?"

"मीच."

"स्टोअर?"

"मीच."

"परचेस?"

"अहो, मीच!"

"आन् झाडून कोण काढतं?"

मी कोपऱ्यातल्या केरसुणीकडं बघितलं. त्यांनी मान हलवली आणि म्हणाले, "लई भार हाय हो तुमच्यावर." खरं सांगते, लग्न झाल्यापासून हे वाक्य मला कुणी ऐकवलं नव्हतं. मी तिथंच त्यांना कामावर घेतलं. 'मॅडम' म्हणणारासुद्धा तो पहिलाच माणूस. त्याआधी मी सगळ्या गल्लीची लताबाई होते.

दुसऱ्या दिवशी ते गळ्यात ओळखपत्र घालून आले. स्वतःच बनवलेलं, स्वतःचाच फोटो लावलेलं. त्या दिवसापासून माझं स्वयंपाकघर 'कँटीन' झालं, ओसरी 'रिसेप्शन' झाली आणि दारात पडून राहणारं मांजर 'सिक्युरिटी' झालं. सकाळी मशिनी सुरू व्हायच्या आधी सगळ्यांना उभं करून सेफ्टीची सभा घ्यायचे. "कात्री उघडी ठिवायची नाय. पदर खोचायचा. सुईकडं ध्यान द्यायचं. आन् आज कोणाला काही दुखतंय का?" बाया पदरात तोंड लपवून हसायच्या. पण महिनाभरानं हसू थांबलं आणि शेवटच्या प्रश्नाला उत्तरं यायला लागली. कुणाची कंबर, कुणाचा दात, कुणाच्या सासूचं डोकं. ते सगळं शांतपणे ऐकून घ्यायचे.

आणि मग वर जायचे!

"सुमनबाई, वरून आलंय. तुम्ही दुपारी घरी जा, पोरीला दवाखान्यात दाखवा." सुमनच्या मुलीला ताप आहे हे मला, मालकिणीला, असं वरून आलेल्या हुकमातून कळायचं. मार्चात वरून आणखी एक पंखा आला. रमजानात शहनाजबीला लवकर सोडायचं हेही वरून आलं. एक दिवस माझं टाळकं सरकलं. मी त्यांना जिन्यातच गाठलं.

"अहो रंगनाथराव, ह्या कारखान्याची मालकीण कोण? वरची मी ना?"

"नाय मॅडम," ते अगदी नम्रपणे म्हणाले. "तुम्ही खाली असता. बायांसंगं मशिनीवर बसता. मशिनीवर बसणारा माणूस वरचा नसतो."

डोंबलाची मालकीण! मी परत मशिनीवर जाऊन बसले.

पण त्यांच्या ह्या वेडाचा मला फायदाही व्हायचा, हे कबूल करायला हवं. मला जन्मात कुणाला 'नाही' म्हणता आलेलं नाही. मोठ्या कंपनीत 'नाही' म्हणणं किती सोपं! माणूस गोड हसतो, खुर्ची देतो, चहा पाजतो आणि म्हणतो, माझं काही नाही हो, वरून आलंय. संपलं. राग धरायचा तर धरा त्या वरच्यावर, जो कधी कुणाला दिसत नाही. आमच्यासारख्या बारक्या धंद्यात मालकाला लपायला जागाच नसते. समोरचा माणूस थेट तुमच्या तोंडाकडं बघत असतो. पलीकडच्या मंदाताईंनी एकदा भाच्याच्या शाळेतल्या नाटकासाठी फुकटात डझनभर ॲप्रन मागितले. मी 'हो' म्हणायला तोंड उघडलं होतं, तेवढ्यात रंगनाथराव वर जाऊन आले. "वरून नकार आलाय, ताई." मंदाताई माझ्यावर रागावल्या नाहीत, उलट माझा हात हातात घेऊन म्हणाल्या, "काय बाई तुमचे वरचे! कसं काम करता तुम्ही अशांच्या हाताखाली?"

त्यानंतर आलं ते दुष्काळाचं लागोपाठचं तिसरं साल. जायकवाडीत पाण्यापेक्षा गाळ जास्त, आणि शहर मात्र फुगत चाललेलं. करमाडच्या, शेंद्र्याच्या रस्त्याला रोज नवी इमारत उभी राहायची. नळाला आठवडाभर पाणी नाही आणि इमारतींची नावं काय, तर 'गंगासागर', 'सरोवर विहार'! आता शहराचं नावसुद्धा बदललं, पण नळाचा वार काही अजून ठरत नाही, ते असू द्या. तेव्हा कंपन्यांचंही पाणी कापलं होतं. कुठं एक पाळी बंद, कुठं दोन. पाळी बंद झाली की कामगार घरी, आणि कामगार घरी बसला की हातमोजे कुणी घालायचे?

आमचं मोठं गिऱ्हाईक एकच होतं, शेंद्र्याकडची एक बडी कंपनी. तिच्या खरेदी विभागातून फोन आला. दर खाली आणा, नाहीतर पुढची ऑर्डर दुसरीकडं जाईल. उद्या साहेब येऊन बोलतील. मी रात्रीचा स्वयंपाक सोडून हिशोब करत बसले. कसाही मांडला तरी एकच उत्तर यायचं. त्या दरात सहा बाया बसत नव्हत्या, चारच बसत होत्या.

सकाळी मी रंगनाथरावांना बाजूला घेतलं. म्हटलं, "दोघींना थांबवावं लागेल. कोणत्या दोघी, ते तुम्ही ठरवा. तुम्हाला कंपनीतली सवय आहे."

त्यांचा चेहरा असा पांढरा पडला की मी घाबरले. "मॅडम," ते म्हणाले, "झाडू मारायला सांगा, मारतो. मोरी धुवायला सांगा, धुतो. पण हे मला सांगू नका."

मला राग आला. मग मी सांगू? सुमनला सांगू, की शहनाजबीला? कंपनीत माणूस काढला की तो गेटाबाहेर जातो, पुन्हा दिसत नाही. मी काढलेली बाई उद्या टँकरच्या रांगेत माझ्याच पुढं घागर घेऊन उभी राहणार! मी तसं बोलून दाखवलं. रंगनाथरावांनी टेबलावरचं आपलं कंपनीतलं हेल्मेट उचललं, पुन्हा ठेवलं. मग म्हणाले, "साहेब येऊ द्या. आधी त्यांना बघू."

साहेब भर दुपारी आले. बोरसे नाव. तिशीतला पोरगेला माणूस, कपाळावरचा घाम पुसतपुसत 'रिसेप्शन'मध्ये बसला. शहनाजबीनं पाणी दिलं, ते त्यानं एका दमात संपवलं. मग घसा साफ करून म्हणाला, "लताताई, मला स्वतःला खूप वाईट वाटतंय. पण माझ्या हातात काही नाही. वरून आलंय."

रंगनाथराव ताठ बसले. परक्या मुलखात आपल्या गावची बोली कानावर पडावी तसा त्यांचा चेहरा उजळला.

"बरोबर हाय, साहेब," ते म्हणाले. "तुमचं वरून आलं. आता आम्हालापण वर इचारावं लागंल."

आणि चालले जिन्याकडं. बोरसे साहेबांनी मला हळूच विचारलं, "वर कोण असतं?" मी त्यांचा रिकामा पेला उचलला. शहनाजबी मशिनीवरची मान वर न करता म्हणाली, "बडे लोगां रहते, साब. नीचे कब्बी नै आते."

रंगनाथराव उतरले ते घामानं भिजून. "वर नाय म्हणतेत. दर खाली येणार नाय. कापड महागलंय, त्यामुळं वाढवून मागा, असं म्हणत होते. मीच म्हणलं, नको, साहेब आपल्या घरचे हायेत."

बोरसे बाहेर ओट्यावर जाऊन फोनवर बोलून आले. म्हणाले, "वर बोललो. निम्मी कपात तरी करा, असं म्हणतायत."

रंगनाथराव पुन्हा वर. मशिनी चालू होत्या, पण एकीच्याही सुईखाली कापड सरकत नव्हतं. त्या सगळ्यांना कळलं होतं. बायांना कळत नाही असं घरात काही असतं का? सुमननं तर डोळेच मिटून घेतले होते.

ह्या वेळी रंगनाथराव आले ते तळपाय चोळत. "साहेब," ते खोल आवाजात म्हणाले, "वर लई तापलंय."

शब्दाशब्दानं खरं होतं! वैशाखातली गच्ची, त्यात ह्यांनी जिन्यात चपला काढलेल्या. पण बोरसे साहेबांना वाटलं, वरची मंडळी भडकली. ते चुळबुळायला लागले. "इतकं?"

"उभं राहवंना, साहेब. आता पुन्हा गेलो तर माझं काय खरं नाय."

सुमनच्या घशातून कसलासा आवाज निघाला, तिनं तो खोकल्यावर ढकलला. माझी मात्र हसायची परिस्थिती नव्हती. कारण बोरसे साहेब उठले, शर्ट नीट केला आणि म्हणाले, "असं करू. मीच वर जाऊन बोलतो."

मेले! आता हा माणूस गच्चीवर जाणार, टाकी बघणार आणि आमचं पितळ उघडं पडून ऑर्डर हातची जाणार. मी रंगनाथरावांकडं बघितलं. ते शांतपणे म्हणाले, "चला की. चपला घाला फक्त."

आम्ही तिघं वर गेलो. ऊन असं की डोळे उघडवेनात. एका कोपऱ्यात माझ्या कुरडया वाळत होत्या, दुसऱ्या कोपऱ्यात टाकी. बोरसे साहेबांनी चारी बाजूंना बघितलं.

"कुठायत?"

रंगनाथरावांनी टाकीवर बोटं वाजवली. पोकळ आवाज आला. "हेच, साहेब. ह्याच्या वर आमचं कोणी नाय. खाली सहा बाया हायेत. तुमचा दर घेतला तर दोघी घरी जातेत. कोणत्या दोघी, ते मला ठरवायला सांगतेत. ते माझ्यानं व्हत नाय, म्हणून मी इथं येऊन उभा राहतो. आता तुमच्या वरच्याला फोन लावा आन् म्हणावं, रंगनाथ इचारतोय, कोणत्या दोघी?"

बोरसे साहेबांनी फोन काढला, हातात धरला आणि तसेच उभे राहिले. मला वाटलं, आता हा भडकणार. त्यांनी फोन परत खिशात घातला आणि टाकीच्या एवढ्याशा सावलीत सरकले.

"दर मीच ठरवतो, काका," ते खाली बघत म्हणाले. "वर फक्त सही होते. मघाशी फोन मी घरी लावला होता."

मग त्या पोरानं मान वर केली. "ठीक आहे. मीच सांगतो. आहे तोच दर राहू द्या. आणि नव्या प्लँटच्या ॲप्रनचं कामही तुम्हीच करा. वर काय सांगायचं, ते मी बघतो."

अगं बाई! मी त्या चटक्यात नाचायचीच बाकी राहिले. जिन्याच्या तोंडाशी जाऊन मी ओरडले, "पोरींनो, कुणी कुठं जात नाही गं! काम वाढलंय!" खालून जो कल्ला उठला, तो गल्लीच्या टोकाला ऐकू गेला असेल. शहनाजबीनं साहेबांना डझनभर दुवा दिल्या, सुमन रडली, हसली, पुन्हा रडली. 'कँटीन'मध्ये साखर सांडेपर्यंत चहा झाला. बोरसे साहेब बशीतून चहा पिऊन गेले आणि जाताना 'सिक्युरिटी'च्या अंगावरून हात फिरवून गेले. एवढ्या बड्या कंपनीला आमच्या दोन खोल्यांनी त्या दिवशी नमवलं होतं, आणि मी तो तोरा पुढं कितीतरी दिवस मिरवला.

चहाला रंगनाथराव मात्र नव्हते. मी वर गेले. ते टाकीला टेकून बसले होते.

"त्या पोराला जमलं, मॅडम," ते म्हणाले. "एका दमात म्हणला, मीच सांगतो. मला नाय जमलं."

मग त्यांनी सांगितलं. कंपनीत असताना असाच एक दुष्काळ पडला होता. कंत्राटी माणसं कमी करायची होती. वरून फक्त तेवढंच आलं होतं. कोणती माणसं, ते सुपरवायझरनं ठरवायचं. त्यांच्या हाताखाली त्यांचा चुलतभाऊ होता, बबन. दोघं एकाच कळपामागं वाढलेले, एकाच भाकरीचे दोन तुकडे करून खाल्लेले. ह्यांनीच त्याला कंपनीत चिकटवला होता. आता भाऊ म्हणून ठेवला, असं कुणी म्हणू नये, म्हणून ह्यांनी पहिलं नाव बबनचंच दिलं. आणि त्याला सांगितलं, "वरून आलंय."

"त्यानंतर आमचं बोलणं नाय. मी त्याच्या मळ्याकडून गेलो की तो घरात जातो. कंपनी सुटली तरी ते काय सुटंना."

मला त्या क्षणी त्यांचा राग आला आणि कीवही आली, दोन्ही एकदमच. पण मी स्वयंपाकघरात वाढलेली बाई, मला उष्टं झाकून ठेवायची सवय नाही. मी म्हटलं, "नव्या कामाला कापड कापायला गडी माणूस लागणार आहे. उठा. मी गाडी काढते."

जालना रोडनं मी स्कूटी चालवत होते आणि मागं रंगनाथराव, हेल्मेट घालून. अख्ख्या रस्त्यावर हेल्मेटवाले ते एकटेच. करमाडला बबनरावांच्या दारातच गाडी थांबवली.

बबनराव अंगणात बाजेवर बसले होते. आम्हाला बघून उठायला लागले. मी पटकन म्हटलं, "भाऊ, थांबा. मी लताबाई, मुकुंदवाडीहून आलेय. माझ्याकडं काम आहे, तुमच्यासाठी. पण आधी ह्यांना काही सांगायचंय." आणि मी बाजूला झाले.

रंगनाथरावांनी हेल्मेट काढलं. काखेत धरलं, पुन्हा हातात घेतलं. शेवटी म्हणाले, "बबन, तवा वरून नव्हतं आलं. तुझं नाव मी दिलं होतं. मीच."

घरातून बबनरावांची बायको पाण्याचा तांब्या घेऊन आली, ती दारातच थबकली.

"मला म्हाईत हाय," बबनराव म्हणाले. "तू सांगताना चपलंकडं बघत होतास. इतकी वर्षं वाट बघितली, कधी येऊन खरं बोलतोस."

"मग इचारलं कामून नाय?"

"मी कामून इचारू? तू सांगायचंस." ते बाजेवर सरकले. "आता बस. उन्हात कामून उभा हायेस?"

रंगनाथराव बसले. आणि साठीला आलेला, सहा बायांना रोज शिस्त शिकवणारा तो माणूस दोन्ही हातांत तोंड धरून ढसाढसा रडायला लागला. मीही रडले, लपवलं नाही. वहिनींनी तांब्या त्यांच्यापुढं ठेवला. टँकरचं पाणी, पण तांब्या काठोकाठ भरलेला.

बबनरावांनी थोडा वेळ त्यांना रडू दिलं. मग त्यांच्या पाठीत एक धपाटा घातला.

"गप की रंग्या. सोमवारपासून येतो म्हणतोय ना."